गुन्हा कुठून येतो? तळोजाच्या वाटेवरचे काही प्रश्न

(पनवेल येथे तरुणांच्या मेळाव्यात एका फौजदारी वकिलांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, 'विकसनशील देशांतील गुन्हेगारी : कारणे आणि उपाय'. पत्रिका हातात आली तेव्हा मी जरा घाबरलोच. हा विषय एमएच्या पेपरात पंधरा मार्कांना येतो. दारिद्र्य, बेरोजगारी, निरक्षरता, लोकसंख्यावाढ, शहरीकरण अशी यादी लिहिली, प्रत्येकाखाली चार ओळी लिहिल्या, की दहा मार्क कुठे गेले नाहीत. ती यादी चुकीची आहे असं मी म्हणत नाही. पण बावीस वर्षं पनवेलच्या कोर्टात काळा कोट घालून फिरल्यावर तिच्यावरचा माझा विश्वास थोडा कमी झाला आहे. म्हणून मी जगाचा फेरफटका नंतर मारतो, आधी इथून रिक्षाने अर्ध्या तासावर असलेल्या तळोजा कारागृहाच्या रस्त्याबद्दल बोलतो. त्या रस्त्यावर मुलाखतीच्या दिवशी सकाळी तुम्ही उभे राहिलात तर पिशवी घेऊन निघालेल्या आया, बहिणी, बायका दिसतील. त्यांच्यातल्या बऱ्याच बुरख्यात असतात. हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही. आपण त्यावर बोलत नाही, एवढंच.

एका मुलाची गोष्ट सांगतो. नाव सांगणार नाही.

साधारण आठ वर्षांपूर्वीची केस. वय एकोणीस. आईवडील मराठवाड्यातून कामासाठी आलेले, चाळीत भाड्याची खोली, वडील वारलेले, आई चार घरची धुणीभांडी करायची. मुलगा आठवीतून शाळा सोडून गॅरेजमध्ये लागला होता. मोबाइल चोरीच्या संशयावरून त्याला पकडलं. त्याने तो मोबाइल चोरला होता की दुसऱ्याकडून स्वस्तात घेतला होता, हे मला आजही नक्की माहीत नाही. मी विधी सेवेच्या यादीतला वकील म्हणून ती केस घेतली. तीन आठवड्यांत कोर्टाने जामीन मंजूर केला. पंधरा हजार रुपये आणि तेवढ्या रकमेचा एक स्थानिक जामीनदार. मी फाइलवर 'जामीन मंजूर' असं लिहिलं आणि दुसऱ्या कामाला लागलो.

मुलगा सुटला नाही. कारण जामीनदार म्हणजे काय, हे त्या आईला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. जामीनदाराला रेशनकार्ड लागतं, सातबारा किंवा घरपट्टीची पावती लागते, नाहीतर पगाराची स्लिप आणि मालकाचं पत्र, कधीकधी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईच्या ओळखीची सगळी माणसंही भाड्याच्याच खोलीत राहत होती. गावाकडे दिराच्या नावावर दोन एकर जमीन होती, पण तो परजिल्ह्यातला. कोर्टाबाहेर भाड्याने जामीनदार मिळवून देणारे दलाल उभे असतात. त्यांनी जो आकडा सांगितला तो तिच्या तीन महिन्यांच्या कमाईएवढा होता. ती माझ्या ऑफिसात तीनदा येऊन गेली. तिन्ही वेळा मी बाहेर होतो आणि माझ्या कारकुनाने तिला 'पुढच्या तारखेला या' असं सांगितलं. ती फाइल पुन्हा माझ्या हातात आली तेव्हा दहा महिने झाले होते. मग मी जातमुचलक्यावर सोडण्याचा अर्ज केला आणि तो मंजूर झाला. एका पानाचा अर्ज होता. तो मला पहिल्या महिन्यात करता आला असता.

दहा महिन्यांत त्याचं गॅरेजमधलं काम गेलं होतं. तुरुंगात त्याला नवे दोस्त मिळाले होते, त्यांनी बाहेर आल्यावर फोन केला. जुन्यांनी केला नाही. दीड वर्षाने त्याला पुन्हा पकडलं, तेव्हा त्याच्याकडे तीन मोबाइल सापडले. पहिल्या केसबद्दल मला शंका आहे. दुसऱ्या केसबद्दल नाही.

आता तुम्ही मला सांगा, याच्या गुन्ह्याचं कारण काय लिहायचं? दारिद्र्य? की निरक्षरता? की वकिलाचा आळस? पंधरा मार्कांच्या उत्तरात शेवटचं कारण कधी येत नाही.

हा एकटा मुलगा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी तुरुंगांची आकडेवारी काढतो. गेली काही वर्षं देशातल्या तुरुंगांतल्या दर चार माणसांपैकी साधारण तीन न्यायाधीन बंदी आहेत, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे कच्चे कैदी. आणि महाराष्ट्रात आपलं, म्हणजे मुसलमानांचं, लोकसंख्येतलं प्रमाण २०११ च्या जनगणनेनुसार साडेअकरा टक्के आहे, पण तुरुंगांत ते एक तृतीयांशाच्या आसपास मोजलं गेलं आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतल्या विजय राघवन आणि रोशनी नायर यांनी राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी याचाच अभ्यास केला होता. तुरुंगात जाऊन त्यांनी मुस्लिम बंद्यांशी बोलून पाहिलं. त्यांना भेटलेले बहुतेक जण तरुण होते, शिक्षण जेमतेम होतं, आणि मोठ्या गुन्हेगारी टोळ्यांशी त्यांचा संबंध नव्हता. सिनेमात दाखवतात तसे 'भाई' त्यात फारसे नव्हते. गॅरेजवाले, हातगाडीवाले, ड्रायव्हर, मजूर होते.

या आकड्यावर आपल्या समाजात दोन प्रकारची उत्तरं ऐकू येतात, आणि मला दोन्ही पटत नाहीत. एक गट म्हणतो, आपली सगळी मुलं निर्दोष आहेत, हा निव्वळ पूर्वग्रह आहे. पूर्वग्रह आहे, तो मी रोज बघतो. मोहल्ल्याचं नाव ऐकून भुवई उंचावते, ते मी पाहिलंय. पण माझ्या पक्षकारांपैकी काहींनी गुन्हा केलेला असतो, आणि ज्याचा मोबाइल, ज्याची रिक्षा, जिचं मंगळसूत्र गेलं तोही बहुतेक वेळा गरीबच असतो. दुसरा गट आपल्यातल्याच शिकल्यासवरल्या लोकांचा. ते म्हणतात, ही 'तसली' मुलं आहेत, आपला काय संबंध? लग्नाच्या बोलणीत कुणाचा चुलत भाऊ आत आहे असं कळलं की स्थळ मोडतं. पोरगा सुटून आला तरी जमातीच्या कामात त्याला कुणी बोलवत नाही. मग त्याला बोलावणारे दुसरे लोक असतातच.

जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याचा उद्योग आपल्या देशात जुना आहे. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे पारधी, भामटा, बेरड अशा कितीतरी जमातींच्या कपाळावर शिक्का बसला. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. पारध्याच्या पोराला आजही विचारा, शिक्का गेला का. त्यामुळे 'आपल्यालाच त्रास होतो' असं म्हणताना जरा आजूबाजूला बघायला हवं. तुरुंगात आपल्या बरोबरीने दलित, आदिवासी आणि भटके-विमुक्त आहेत. आपले सोबती कोण, हे त्या बराकीत गेल्यावर चटकन कळतं.

बरं, गरिबीकडे येऊ. गरिबीमुळे गुन्हे होतात असं सरळ म्हटलं तर तो गरिबांचा अपमान आहे. त्या मुलाच्या आईने चार घरांच्या किल्ल्या सांभाळल्या, एका वाटीची तक्रार आली नाही. आणि आकडेही तसं सांगत नाहीत. २०२२ मध्ये भारतात २८,५२२ खुनांचे गुन्हे नोंदले गेले, लाख लोकसंख्येमागे सुमारे दोन. मध्य अमेरिकेतल्या होंडुरासमध्ये २०११-१२ च्या सुमारास हाच दर लाखामागे ऐंशीच्या वर होता, आणि होंडुरासचं दरडोई उत्पन्न तेव्हा आपल्यापेक्षा जास्त होतं. नुसत्या गरिबीने खून होत असते तर आकडे उलटे असते. तिथे बंदुका होत्या, अमली पदार्थांचा रस्ता होता, आणि पोलिसांवर कुणाचा विश्वास नव्हता.

आपल्या पनवेलचाच इतिहास पाहा. १९७० मध्ये सिडको आली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. जमिनीच्या भावासाठी जानेवारी १९८४ मध्ये जासईला आंदोलन झालं, गोळीबारात पाच शेतकरी गेले, त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. न्याय्य लढा होता. पण त्यानंतर काय झालं हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. भातशेती गेली, मिठागरं गेली, हातात एकदम पैसा आला, आणि त्या पैशाचं काय करायचं हे शिकवणारी शाळा कुठेच नव्हती. गाडी आली, मग महामार्गावरच्या डान्सबारमध्ये नोटा उडाल्या, २००५ मध्ये सरकारने बंदी घालेपर्यंत आणि नंतर लपूनछपूनही. पैसा संपल्यावर दुसऱ्यांच्या जमिनीची दलाली, मातीभरावाची ठेकेदारी, त्यातली भांडणं. इथे उपाशी कुणीच नव्हतं. पण जुना धंदा गेला आणि नवा आला नाही, त्या मधल्या फटीत एक पिढी पडली. आता विमानतळ आलाय. जमिनीचे भाव तुम्ही ऐकताच. ती फट पुन्हा उघडलेली आहे.

आणि भूकेतून झालेली दरोडेखोरी पाहायची तर तीही इथलीच. वासुदेव बळवंत फडक्यांचं नाव आपल्या नाट्यगृहाला आहे, त्यांचं शिरढोण गाव इथून जवळ. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. फडके ते बघत फिरले आणि त्यांनी रामोशांना बरोबर घेऊन १८७९ मध्ये उठाव केला. त्याच वर्षी मे महिन्यात दौलतराव नाईकाच्या टोळीने पळस्पे आणि चिखली लुटली. पळस्पे म्हणजे आपला पळस्पे फाटा, जिथे आपण कोकणात जाताना वळतो. इंग्रजी दप्तरात ते सगळे दरोडेखोर होते. मी इथे चोरीचं समर्थन करत नाही, गैरसमज नको. पण सरकारने धान्य पोचवलं नाही आणि पलटण पोचवली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. विकसनशील देशांत अजूनही पलटण लवकर पोचते.

दुसरं एक उदाहरण कुणी गुन्हेगारीच्या यादीत घालत नाही म्हणून मी घालतो. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला. बनावट कर्जखात्यांतून पाचशे कोटींहून जास्त रक्कम गेल्याचा तपास यंत्रणांचा आरोप आहे, आणि तो कोर्टात जो काही निकाल लागायचा तो लागेल. ठेव विम्यामुळे पाच लाखांपर्यंतचं संरक्षण होतं, म्हणून बरेच जण वाचले. पण निवृत्तीचे पैसे ठेवलेले लोक कसे हेलपाटे घालत होते ते या शहराने पाहिलंय. एवढे पैसे चोरायला शाळा सोडलेला मुलगा लागत नाही. उलट चांगला शिकलेला लागतो. म्हणून निरक्षरतेच्या मुद्द्याला मी पूर्ण मार्क देत नाही.

आता थोडं तुमच्याकडे येतो, कारण पुढचं फार तातडीचं आहे आणि तुमच्यापैकी काहींपर्यंत ते पोचलेलंही असेल. गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्याकडे नव्या प्रकारची मुलं येतात. कॉलेजात शिकणारी, घरची परिस्थिती ठीक असलेली. टेलिग्रामवर किंवा ओळखीतून कुणीतरी सांगतं, 'तुझं बँक खातं महिनाभर वापरायला दे, पाच-सात हजार मिळतील.' पासबुक, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेलं सिमकार्ड द्यायचं. काही करायचं नाही, फक्त विसरून जायचं. बीकॉमच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलाने सात हजारांत खातं दिलं. दोन दिवसांत त्यातून चौदा लाख रुपये फिरले. तिसऱ्या आठवड्यात परराज्यातले पोलीस दारात. ज्यांचे पैसे गेले ते निवृत्त शिक्षक होते. त्यांना व्हिडिओ कॉलवर खोटा पोलीस अधिकारी बनून कुणीतरी 'डिजिटल अटक' केली होती, आयुष्याची पुंजी गेली. मुलगा मला म्हणाला, 'सर, मी तर काहीच केलं नाही.' कायद्याच्या नजरेत त्याने केलं होतं. पैशाच्या साखळीत फक्त त्याचंच नाव खरं होतं, बाकी सगळी खोटी. ज्याने त्याला सात हजार दिले त्याचा फोन बंद. ज्याने खरे पैसे नेले तो कदाचित कंबोडिया किंवा म्यानमारमध्ये बसलाय. तिथे असल्या फसवणुकीच्या कॉल सेंटरांत आपल्याच देशातली मुलं नोकरीच्या आमिषाने नेऊन कोंडलेली सापडली आहेत.

तेव्हा खातं, सिम, आधार कुणालाही द्यायचं नाही. सख्ख्या मामेभावाने मागितलं तरी नाही. आधीच दिलं असेल तर आज घरी जाण्याआधी मला भेटा. बँकेत लेखी कळवून खातं थांबवता येतं, आणि पोलीस येण्याआधी आपण गेलो याला कोर्टात किंमत असते. घरात कुणाचे पैसे असे गेले तर लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या तासा-दोन तासांत केलेला फोन आणि दुसऱ्या दिवशी केलेला फोन यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

या मुलाच्या बाबतीत गरिबी नव्हती, अशिक्षितपणा नव्हता. पकडले जाऊ असं त्याला वाटलंच नव्हतं, आणि ज्याचे पैसे गेले तो त्याला दिसत नव्हता. मला वाटतं गुन्ह्याच्या बहुतेक कारणांच्या तळाशी या दोन गोष्टी असतात.

उपायांकडे येतो. आपल्याकडे लोकप्रिय उपाय म्हणजे फाशी द्या, एन्काउंटर करा, घरावर बुलडोझर घाला. व्हॉट्सॲपवर सगळे न्यायाधीश असतात. एल साल्वादोरने २०२२ पासून आणीबाणी लावून सत्तर हजारांहून जास्त लोक आत टाकले, तिथले खून खूप कमी झाले हे खरं आहे, आणि त्यात किती निरपराध आत गेले याचा हिशेब कुणी देत नाही हेही खरं आहे. एक तृतीयांश तुरुंग ज्यांनी भरतो त्या समाजातल्या मुलांनी अशा उपायाला टाळ्या वाजवण्याआधी विचार करावा, एवढंच म्हणतो. शिक्षा किती मोठी यापेक्षा ती होईल याची खात्री किती, याचा गुन्ह्यावर जास्त परिणाम होतो, असं अभ्यासक पुन्हा पुन्हा सांगत आले आहेत. आणि आपल्याकडे खटलाच पंधरा वर्षं चालतो.

कोलंबियात काली नावाचं शहर आहे. १९९२ मध्ये तिथे रॉड्रिगो गुरेरो महापौर झाले. मूळचे डॉक्टर, साथरोगांचे अभ्यासक. सगळे म्हणत होते की खून ड्रग माफिया करतो. यांनी पटकीची साथ आली तर जसं बघतो तसं बघितलं : कुठे, कोणत्या वारी, किती वाजता. तर बरेचसे खून सुट्टीच्या दिवशी, पगार झाल्यावर, दारू पिऊन आणि खिशात बंदूक असताना झालेले निघाले. त्यांनी त्या दिवशी बंदूक बाळगायला बंदी केली, दारूच्या वेळा कमी केल्या. त्या दिवसांचे खून कमी झाले. मोठं तत्त्वज्ञान नाही, वहीत नीट नोंद ठेवली. आपल्या मोहल्ल्यात मारामाऱ्या कधी होतात, कुठे होतात, कुणी लिहून ठेवलंय का?

दुसरं उदाहरण लायबेरियाचं, पश्चिम आफ्रिकेतलं. यादवी युद्ध होऊन गेलेलं. राजधानी मन्रोव्हियात चोऱ्यामाऱ्या करणाऱ्या, ड्रग विकणाऱ्या ९९९ तरुणांवर एक प्रयोग झाला. काहींना आठ आठवडे गटात बसवून राग कसा आवरायचा, पुढचा विचार कसा करायचा, केस कापून स्वच्छ कपड्यांत बँकेत जाऊन कसं बोलायचं, हे शिकवलं. शिकवणाऱ्यांत पूर्वी तसलंच आयुष्य जगलेलेही होते. काहींना नुसते दोनशे डॉलर दिले. काहींना दोन्ही. काहींना काहीच नाही. दोनशे डॉलर दारूत जातील असं सगळ्यांना वाटलं होतं, तसं झालं नाही. नुसत्या शिकवण्याचा परिणाम वर्षभरात ओसरला, नुसते पैसेही टिकले नाहीत. ज्यांना दोन्ही मिळालं त्यांची चोरी आणि मारामारी निम्म्यावर आली, आणि दहा वर्षांनी पाहिलं तरी ती तशीच कमी होती. मी हे वाचलं तेव्हा मला माझा गॅरेजवाला आठवला. सुटला त्या दिवशी त्याच्या हातात चार हजारांची हत्यारं असती, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ त्याच्याशी बोलणारा कुणी असता, तर काय झालं असतं? मला माहीत नाही. पण हे करून बघायला सरकारची परवानगी लागत नाही.

तिसरं उदाहरण आपल्या शेजारचं आहे आणि ते तुमच्या पिढीला कुणी सांगत नाही. भिवंडी. मे १९७० मध्ये मोठी दंगल, मे १९८४ मध्ये पुन्हा. 'दंगलीचं गाव' हा शिक्का. १९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला कमिट्या केल्या. शांतता कमिटी नावाचा प्रकार आधीही होता, तिथे पुढारी आणि दलाल चहा पिऊन जायचे. खोपड्यांनी हिंदू आणि मुसलमान दोन्हीकडची साधी माणसं घेतली, यंत्रमागवाले, दुकानदार, शिक्षक, आणि पोलीस त्यांच्याकडे जाऊन नियमित बसायला लागले. गटाराचं भांडण, नळाचं भांडण, नवराबायकोचं भांडण तिथेच मिटायला लागलं. त्यामुळे पोलीस ठाण्यात जायला मधला माणूस लागेनासा झाला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे नऊशे माणसं गेली. भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटीचं काम उभं राहिलं.

यात माझ्या दृष्टीने मुद्दा दंगलीपुरता नाही. पोलिसाला मोहल्ला ओळखीचा असला की तो संशयित शोधायला पहिल्या दारावर लाथ मारत नाही, आणि मोहल्ल्याला पोलीस ओळखीचा असला की गल्लीत एमडी विकणारा कोण आहे हे सांगायला लोक पुढे येतात. आज दोन्ही होत नाही. पोलीस भरती निघते तेव्हा आपल्या किती मुली-मुलं फॉर्म भरतात, हाही प्रश्न आहे. पहाटे वडाळे तलावाभोवती धावणाऱ्या पोरांत मला आपली पोरं मोजकीच दिसतात.

एमडीचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. नशेत अडकलेला भाऊ घरात असेल तर त्याला लपवू नका. अमली पदार्थांच्या कायद्यात ६४-अ नावाचं कलम आहे. व्यसनी माणूस फक्त सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या प्रकरणात असेल आणि स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण काढून घेतलं जातं. विकायला लागल्यावर मात्र हे कलम उपयोगाचं नाही, आणि व्यसनासाठी पैसे पुरेनात की माणूस विकायलाच लागतो. म्हणून वेळ थोडा असतो.

शेवटी जामिनाकडे परत येतो, कारण तिथे आपल्याला लगेच काहीतरी करता येतं. कायदा पूर्वीपेक्षा सुधारलाय. मोतीराम नावाच्या गवंड्याच्या खटल्यात १९७८ मध्येच न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितलं होतं की परजिल्ह्यातला म्हणून जामीनदार नाकारता येत नाही आणि गरिबाला त्याच्या ऐपतीबाहेरचा जामीन मागणं अन्याय आहे. ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की जामीन मिळूनही सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मध्ये, आधी कधी शिक्षा न झालेल्या न्यायाधीन बंद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडायचं आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे त्यात नाहीत, आणि एकापेक्षा जास्त केसेस असतील तरी तो लाभ नाही. पोलीस एका मुलावर चार किरकोळ केसेस का दाखवतात, याचं एक उत्तर त्या शेवटच्या अटीत आहे. गरीब बंद्यांसाठी केंद्राची २०२३ पासूनची योजनाही आहे, जामिनासाठी आर्थिक मदत मिळू शकते. हे सगळं कागदावर आहे. पण अर्ज कुणीतरी करावा लागतो, पाठपुरावा कुणीतरी करावा लागतो. टाटा संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून तुरुंगांत समाजकार्यकर्ते पाठवून हेच करतो. मूठभर माणसं आहेत ती.

जकातीच्या आठ खात्यांपैकी एक खातं माणसाला बंधनातून सोडवण्याचं आहे आणि एक कर्जात बुडालेल्याचं. आजचा कच्चा कैदी त्यात बसतो का, यावर आलिमांमध्ये मतं वेगळी असतील, त्यांनी चर्चा करावी. मी फिकह शिकलेलो नाही. पण रमजानमध्ये पनवेलमध्ये किती जकात निघते याचा मला थोडा अंदाज आहे, आणि पंधरा हजारांच्या जामिनावर अडकलेली मुलं कोण आहेत तेही मला माहीत आहे.

मागच्या टेबलावर मी एक वही ठेवली आहे. ज्यांच्या किंवा ज्यांच्या आईवडिलांच्या नावावर घरपट्टी आहे, सातबारा आहे, पक्की नोकरी आहे, आणि किरकोळ गुन्ह्यात पहिल्यांदाच अडकलेल्या मुलाला जामीन राहण्याची तयारी आहे, त्यांनी घरी विचारून नाव लिहायचं. जोखीम आहे. मुलगा तारखेला आला नाही तर जामीनदाराला नोटीस येते, पैसे भरावे लागू शकतात. हे लपवणार नाही. म्हणून नुसतं नाव नको, त्या मुलाला तारखेच्या आदल्या दिवशी फोन करण्याची जबाबदारीही घ्यायची. मुलींनीही लिहायचं. मुलाखतीच्या रांगेत बायकाच असतात, त्यांच्याशी बोलायला बाईच हवी. माझं नाव तुम्हाला तिथे दिसणार नाही, कारण वकिलाने आपल्या पक्षकाराला जामीन राहू नये असा बार कौन्सिलचा नियम आहे. पहिलं नाव माझ्या मोठ्या भावाचं आहे. त्याने मला आधी विचारलं, 'तो मुलगा पळाला तर?' मी म्हटलं, 'तर मी तुला पैसे देईन.' दुसरं नाव अजून कोरं आहे.

आता प्रश्न विचारा. अवघड विचारलेत तरी चालतील.